कच्चा लिंबू बाद होतो का?

(तळेगाव दाभाडे इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, पहिल्या दोन रांगा मोकळ्या आहेत. आपल्याकडे व्याख्यानाला पहिल्या रांगेत कुणी का बसत नाही, यावर कधीतरी वेगळं बोलता येईल. (हशा)

निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय 'सांघिक खेळ आणि एक कादंबरी' असा छापलाय. संयोजकांनी मला दोनदा विचारलं, सर, 'आणि'च्या जागी दुसरं काही टाकायचं का? कारण या दोन गोष्टींचा संबंध काय, हे त्यांना कळेना. मलाही तो बरीच वर्षं कळला नव्हता. मी भाषेचा शिक्षक. शाळेत खो-खोचा संघ माझ्याकडे आला तो केवळ क्रीडाशिक्षकाची बदली झाली म्हणून. सकाळी वर्गात कविता आणि संध्याकाळी मैदानावर शिट्टी. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटायचं नाही.

तर सुरुवात एका शब्दापासून करू. कच्चा लिंबू. इथल्या प्रत्येकाला तो माहीत आहे. काही घरांत लिंबूटिंबू म्हणतात, काही भागांत दूधभात म्हणतात. गल्लीत लपंडाव किंवा डबा ऐसपैस चालू असतो, कुणाचा तरी लहान भाऊ रडत येतो, आई गॅलरीतून ओरडते, 'त्यालाही घ्या रे खेळायला!' मग पोरं त्याला घेतात. पण तो कच्चा लिंबू. म्हणजे तो पळेल, लपेल, ओरडेल, पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. किती मायाळू सोय आहे बघा! नियम न मोडता नियमाबाहेर ठेवायची युक्ती. आपल्या भाषेतल्या चांगुलपणाचा हा एक नमुना आहे, असं मी अनेक वर्षं वर्गात सांगत असे.

2017 साली याच नावाचा मराठी चित्रपट आला. प्रसाद ओक दिग्दर्शक, जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध' कादंबरीवर आधारलेला, कृष्णधवल. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दळवींचं 'नातीगोती' हे नाटक तर त्याआधीच आपल्याकडे गाजलेलं. दोन्हींत एक मतिमंद मुलगा आहे, आणि त्याच्यापायी आयुष्य पणाला लागलेले आईवडील आहेत. दळवींनी मध्यमवर्गीय घराचा कोंडमारा जसा लिहिला, तसा फार थोड्यांनी लिहिला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या गोष्टी आईवडिलांच्या आहेत. मुलगा हा त्यांच्या गोष्टीतला प्रश्न आहे. त्याच्याबद्दल बोललं जातं, तो बोलत नाही. त्या चित्रपटाला 'कच्चा लिंबू' हे नाव देणाऱ्याने फार अचूक नाव दिलंय. खेळात आहे, पण त्याचा गुण धरला जात नाही.

मतिमंदत्व आणि स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, या वेगळ्या गोष्टी आहेत हे आधीच सांगतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत कुणीतरी मला पकडेल. 'स्वमग्नता' हा शब्द मला स्वतःला फारसा आवडत नाही. स्वतःत बुडालेला. शब्दानेच निकाल देऊन टाकला! अर्थात मूळ युरोपीय संज्ञेतही 'स्व'च आहे, आपण फक्त भाषांतर केलं. हा शब्द मला का खुपतो, ते पुढे येईल.

आता कादंबरी. मार्क हॅडन या इंग्रज लेखकाची 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम', 2003 साली आलेली. निवेदक पंधरा वर्षांचा ख्रिस्टोफर बून. गाव स्विंडन. शेजारणीचा कुत्रा रात्री मेलेला सापडतो, अंगात बागकामाचा काटा खुपसलेला. ख्रिस्टोफर ठरवतो, आपण शेरलॉक होम्ससारखा तपास करायचा आणि पुस्तक लिहायचं. तेच पुस्तक आपण वाचतोय. प्रकरणांना एक, दोन, तीन असे आकडे नाहीत, मूळ संख्या आहेत. दोन, तीन, पाच, सात, अकरा. शाळेत जाताना ओळीने चार लाल गाड्या दिसल्या तर दिवस चांगला, चार पिवळ्या दिसल्या तर वाईट. कुणी मिठीत घेतलेलं त्याला चालत नाही, म्हणून तो आणि त्याचे वडील पंख्यासारखी बोटं पसरून फक्त बोटांची टोकं जुळवतात. त्या वर्षीचा व्हिटब्रेड पुरस्कार तिला मिळाला, जगभर ती वाचली गेली. 'ऑटिझम' किंवा 'अ‍ॅस्पर्जर' हा शब्द कादंबरीच्या संहितेत एकदाही येत नाही, तो आला पुस्तकाच्या वेष्टनावर. पुढे हॅडनने स्वतःच लिहिलं की मी या विषयातला तज्ज्ञ नाही, आणि हे पुस्तक अ‍ॅस्पर्जरबद्दल नाही. पण तोवर उशीर झाला होता. शिक्षकांच्या प्रशिक्षणात 'हे वाचा म्हणजे ही मुलं कळतील' असं सांगितलं जायला लागलं होतं. मी त्या शिक्षकांपैकीच एक.

मी ती एका बैठकीत वाचली, आणि खूप आवडली. मग आवडली म्हणजे नेमकं काय झालं?

ख्रिस्टोफर आपल्याला सांगतो, या पुस्तकात विनोद नसतील, कारण मला विनोद कळत नाहीत. आणि आपण पानापानावर हसतो. तो सांगतो, वडील रात्री दोन वाजता सोफ्यावर बसून टीव्हीवर स्नूकर बघत होते, स्कॉच पीत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो कारण जाणत नाही, आपण जाणतो. किंवा निदान आपल्याला तसं वाटतं. सबंध कादंबरी अशी चालते. निवेदक जे दिसतं ते सांगतो, आपण त्याच्या डोक्यावरून पलीकडचं बघतो. गहुंज्याच्या स्टेडियममध्ये वरच्या स्टँडमध्ये बसल्यावर जे होतं, तेच. फलंदाजाला मागचा क्षेत्ररक्षक दिसत नाही, आपल्याला दिसतो. म्हणून आपण ओरडतो, 'अरे, तिकडे मारू नको!' प्रेक्षकाचा आनंद हा बराचसा असा आहे, खेळाडूपेक्षा जास्त दिसण्याचा. त्यात वाईट काही नाही. मीही ओरडतो. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशाविरुद्ध कोहलीने तिथे शतक केलं, तेव्हा त्याला काय करायला हवं हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. (हशा)

पण कादंबरीत हा आनंद कुणाच्या जिवावर मिळतो? निवेदकाच्या.

ख्रिस्टोफर एक चाचणीही सांगतो. लहानपणी त्याला गोळ्यांची नळी दाखवली आणि विचारलं, आत काय असेल? तो म्हणाला, गोळ्या. उघडली तर आत पेन्सिल. मग विचारलं, आता तुझी आई आत आली तर तिला काय वाटेल, आत काय आहे? तो म्हणाला, पेन्सिल. दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते, हे त्याला तेव्हा ओळखता आलं नाही. मानसशास्त्रात असा गाजलेला प्रयोग 1985 चा, बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ या तिघांचा, दोन बाहुल्या आणि एक गोटी घेऊन केलेला. वीस स्वमग्न मुलांपैकी सोळा चुकली. त्यावरून सिद्धान्त उभा राहिला की या मुलांना दुसऱ्याचं मन वाचता येत नाही. बरोबर आलेल्या चौघांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला त्या चौघांचं कुतूहल वाटतं.

आणि नेमका इथे मला खो-खो आठवतो. दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत निर्माण करणं, याला मैदानावर काय म्हणतात? हूल. हुलकावणी. डावीकडे जातो असं दाखवायचं आणि उजवीकडे जायचं. खो-खो, कबड्डी, हे खेळ हुलीवरच उभे आहेत. म्हणजे ती गोळ्यांच्या नळीची चाचणी मैदानावर दर दहा सेकंदांनी होते. मग सिद्धान्ताप्रमाणे स्वमग्न मुलाला खो-खो जमूच नये. शिवाय हा संघाचा खेळ. 'एकदिलाने खेळा' असं आपण सांगतो. ज्याला एक दिल कळत नाही त्याला एकदिल कसं व्हायचं?

तर आता त्या मुलाबद्दल. तो माझा विद्यार्थी. हे सांगायला मी त्याची परवानगी घेतली आहे. आता मोठा झालाय, चाकणला एका कंपनीत स्टोअर्सला काम करतो. त्याने दोन अटी घातल्या. नाव सांगायचं नाही आणि खो-खोचे नियम चुकीचे सांगायचे नाहीत. दुसरी अट जास्त कडक होती. (हशा)

म्हणून नियम नीट सांगतो. मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब, मध्ये मध्यपाटी. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मध्यपाटीवर बसलेले, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून. नववा उभा. पळणारे तिघे आत येतात. उभा असलेला पळतो, पण त्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि घेतलेली दिशा खांबाला वळसा घातल्याशिवाय बदलता येत नाही. पळणारे मात्र बसलेल्यांच्या मधून कुठूनही इकडून तिकडे जातात. मग पाठलाग करणारा काय करतो? ज्याची पाठ आपल्याकडे आहे अशा बसलेल्या गड्याला मागून हात लावून 'खो' म्हणतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. तो उठतो, पलीकडच्या बाजूने सुटतो. स्पर्श आणि शब्द दोन्ही लागतात. नुसता हात चालत नाही, नुसता आवाज चालत नाही.

हा खेळ किती चमत्कारिक आहे, हे आपल्याला सवयीमुळे जाणवत नाही. फुटबॉलमध्ये सगळे एकाच वेळी पळतात. इथे नवांपैकी आठ जण बसलेले. सामर्थ्य बसलेल्यांचं. बसलेल्या गड्याला मागे कोण येतंय ते दिसत नाही, त्याला फक्त समोरची बाजू दिसते. आणि तरी पाठीवर हात पडला की पापणी लवायच्या आत उठायचं. पुण्यात डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमाराला या खेळाचे नियम बांधायला घेतले, आणि 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला तेव्हा आपले दोन्ही संघ जिंकले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तो अंतिम सामना गादीवर, दिव्यांच्या झगमगाटात झाला. आमचं मैदान लाल मातीचं. तळेगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, दिवाळीपर्यंत तिथे चिखलच.

तो मुलगा आठवीत होता. रोज संध्याकाळी खांबामागच्या चिंचेखाली बसायचा. बोलायचा कमी. हातात वही. मला वाटलं, गुण लिहितोय. एक दिवस पाहिलं तर नुसते बाण. कोण कुठल्या चौकातून उठलं, पहिलं पाऊल कुठलं टाकलं, कुठे वळलं. महिनाभराचे. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, 'ती उंच मुलगी डाव्या पायावर वजन टाकते तेव्हा उजवीकडे जाते. हूल दाखवते तेव्हा वजन टाकत नाही.' मी म्हटलं, तुला तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही का? तो म्हणाला, 'चेहऱ्याकडे कशाला बघायचं? पळतात पायांनी.'

आम्ही शिक्षक मंडळी या वाक्यावर आठवडाभर हसलो. त्या वहीचा फायदा मात्र घेतला. त्यानं सांगितलेलं मी मुलींना सांगायचो, आणि त्यांना पळणारे सापडायला लागले. मी त्याला आमचा 'कॉम्प्युटर' म्हणायला लागलो. मला वाटलं, किती छान केलं आपण, मुलाला संघात जागा दिली. ख्रिस्टोफर वाचलेला होता ना! गणिती डोकं, नमुने ओळखणारं, मनं न कळणारं. सगळं जुळत होतं.

तेव्हा दुसरी एक कादंबरी मी वाचली असती तर बरं झालं असतं. एलिझाबेथ मून या अमेरिकन लेखिकेची 'द स्पीड ऑफ डार्क', हॅडनच्या जरा आधीची. विज्ञानकथा म्हणून तिला नेब्यूला पुरस्कार मिळाला, त्यामुळे साहित्यवाल्यांनी फारशी वाचली नाही. आपल्याकडेही 'विज्ञानकथा' म्हटलं की पुस्तक वेगळ्या कपाटात जातं. लेखिकेचा मुलगा स्वमग्न आहे. कादंबरीतला लू अरेन्डेल पस्तिशीचा आहे, नोकरी करतो, आणि दर बुधवारी एका जोडप्याच्या घरी तलवारबाजी खेळायला जातो. तलवारबाजी सांघिक खेळ नाही, मान्य. पण तिथे जमणारा एक गट आहे, त्यांच्यात रुसवेफुगवे आहेत, एक मुलगी आहे जी लूला आवडते, आणि एक जण आहे ज्याला लू डोळ्यांत खुपतो.

लू तलवारबाजी करताना समोरच्याचं मन वाचत नाही. त्याच्या हालचालींतला नमुना वाचतो. हूलही नमुन्याचा भाग असते, तिलाही स्वतःची लय असते. आणि ही लय सापडते त्या क्षणी त्याला जो आनंद होतो तो मूनने असा लिहिलाय की वाचताना माझे खांदे हलत होते. सगळी गोष्ट लूच सांगतो असं नाही, मधूनमधून दुसऱ्या पात्रांकडूनही येते, आणि ते भाग मला सपाट वाटले. कंपनीतला वरिष्ठ तर नाटकातल्या खलनायकासारखा आहे. कादंबरी म्हणून हॅडनची जास्त घट्ट, जास्त देखणी. पण हॅडन वाचताना मी स्टँडमध्ये बसलेला असतो, मून वाचताना मी रिंगणात. लू माझ्याआधी बघतो. मला त्याच्यामागे पळावं लागतं.

म्हणजे हॅडनची कादंबरी लबाड आहे का? तसं मला म्हणायचं नाही. कदाचित दोष वाचण्यात आहे. तिच्यातला मधला प्रसंग घ्या. ज्यांनी वाचली नाही त्यांची माफी मागून सांगतो. कुत्र्याला मारलंय ख्रिस्टोफरच्या वडिलांनीच. शेजारणीशी भांडण झालं, त्या रागात. आणि 'तुझी आई वारली' असं जे मुलाला सांगितलं होतं तेही खोटं. आई दुसऱ्याबरोबर लंडनला गेलेली, तिची पत्रं वडिलांनी लपवून ठेवलेली. हे उघड झाल्यावर वडील पंख्यासारखी बोटं पुढे करतात. मुलगा हात लावत नाही. ज्याने कुत्रा मारला तो मलाही मारू शकेल, असा हिशोब करून तो रात्री घराबाहेर लपतो आणि दुसऱ्या दिवशी एकटा लंडनला निघतो.

पहिल्यांदा वाचताना मला काय वाटलं? बिच्चारा बाप! किती केलं त्याने मुलासाठी, आणि मुलाला ते कळतच नाही. मी माझ्या ओळखीच्या सात-आठ वाचकांना विचारलं, बहुतेकांना तेच वाटलं होतं. आता थंड डोक्याने बघा. ज्या माणसाने रागाच्या भरात एक जीव घेतला, दोन वर्षं आई मेल्याचं खोटं सांगितलं, पत्रं दडवली, त्याच्यावर विश्वास ठेवू नये, हा निष्कर्ष चूक आहे का? दुसऱ्या कुठल्याही निवेदकाने तो काढला असता तर आपण त्याला शहाणा म्हटलं असतं. बाप आपल्याला मारील ही भीती टोकाची असेल, पण विश्वास उडणं बरोबर आहे. इथे आपण निवेदकाच्या पुढे नव्हतो, मागे होतो. पण आपण त्याला कच्चा लिंबू धरून चाललो होतो, म्हणून त्याने मिळवलेला गुण आपण फळ्यावर लिहिलाच नाही.

आणि कच्च्या लिंबूचा नियम दोन्हीकडून चालतो, बघा. त्याच्यावर राज्य येत नाही, आणि त्याने पकडलेलाही धरला जात नाही. मी वर्गात मायाळूपणाचा नमुना म्हणून जे सांगायचो त्याची ही दुसरी बाजू मला त्या कादंबरीच्या दुसऱ्या वाचनात दिसली.

डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 2012 साली मांडलंय की न समजणं हे दुहेरी असतं. स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळत नसेल, तर इतरांनाही त्याचं कळत नाही. फक्त एकाच्याच न समजण्याला आजार म्हणतात. मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. म्हणजे त्या खेळातले आहेत, स्टँडमधले नाहीत.

लंडनचा प्रवास हा कादंबरीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. स्टेशनवरच्या पाट्या त्याच्या डोक्यात एकमेकींत मिसळतात, आणि छापील पानावरही अक्षरांचा तसाच गुंता दिसतो. तेव्हा तो जमिनीवर एक लाल रेघ आहे अशी कल्पना करतो आणि डावा-उजवा, डावा-उजवा म्हणत तिच्यावरून चालतो. लंडनला भुयारी रेल्वेच्या फलाटावर तासन् तास बाकावर बसून राहतो. गाडी येते, थांबते, दारं उघडतात, माणसं उतरतात, चढतात. पुन्हा पुन्हा बघून नियम शोधतो आणि मग चढतो. सकाळी आठच्या सुमाराला तळेगाव स्टेशनवर पुण्याकडे जाणारी लोकल पकडणाऱ्या कुणालाही हे प्रकरण वाचून दाखवा, तो म्हणेल, यात वेगळं काय आहे? (हशा) पण मला त्या बाकावरच्या ख्रिस्टोफरमध्ये चिंचेखालचा तो मुलगा दिसला. पहिल्या वाचनात मी तिथे फक्त घाबरलेला मुलगा पाहिला होता. आता मला तिथे खेळ शिकणारा मुलगा दिसतो. बाकावर बसून, आत उतरायच्या तयारीत.

कारण तो मुलगा मला जे म्हणाला ते हे. डिसेंबर होता, तालुक्याच्या स्पर्धा जवळ आलेल्या. एका संध्याकाळी वही मिटून त्यानं विचारलं, 'सर, मी कधी?' मी म्हटलं, तू तर आहेसच की संघात. तो म्हणाला, 'मी बसत नाही, पळत नाही.' मी त्याच्या खांद्यावर हात ठेवणार होतो, पण ख्रिस्टोफर आठवून हात मागे घेतला आणि प्रेमाने म्हटलं, 'अरे, तू आमचा कच्चा लिंबू.'

तो विचार करत होता. मग म्हणाला, 'कच्चा लिंबू बाद होतो का?'

म्हटलं, नाही.

'मग तो खेळत नाही.'

मंडळी, साहित्याच्या शिक्षकाला शब्दाचा अर्थ शिकवणारं यापेक्षा मोठं वाक्य मी ऐकलेलं नाही. त्यात तक्रार नव्हती. वहीत बाण काढावा तसं त्यानं ते सांगितलं.

तरी मी टाळाटाळ केली. मला खरोखर वाटत होतं की खो त्याला सहन होणार नाही. मागून, न दिसता, अचानक पाठीवर हात. ज्याला स्पर्श चालत नाही अशा मुलाला हे कसं द्यायचं? हे ज्ञान मला कुठून आलं होतं? पुस्तकातून. त्याला किंवा त्याच्या आईला मी विचारलं नव्हतं. शेवटी आईला विचारलं. त्या म्हणाल्या, हलकं कुणी चाचपलेलं त्याला नको असतं, पण घट्ट धरलेलं चालतं. त्याच्या अडचणी वेगळ्याच आहेत, तुम्ही त्यालाच विचारा ना. मग त्याला विचारलं, मागून अचानक हात पडेल, चालेल? त्याला प्रश्नच कळला नाही. 'अचानक कुठे असतो? समोरचा पळणारा माझ्या बाजूला आला आणि थबकला की मागून खो येणारच. शिवाय तोंडाने सांगतात.'

हे ऐकून मी पुन्हा खेळ बघायला लागलो. आणि कळलं की 'एकदिलाने खेळा' हे जे आम्ही सांगतो, ते निदान खो-खोपुरतं अर्धवट आहे. तिथे कुणी कुणाचं मन ओळखत नाही. हात लावायचा, शब्द म्हणायचा, आपली जागा सोडायची, दुसऱ्याची घ्यायची. एकमेकांचं मन न ओळखताही एकत्र असता येतं, ही सांघिक खेळाची खरी गंमत आहे. मधल्या सुट्टीत डबा खाताना कुणाच्या टोमण्याचा काय अर्थ, कोण कुणावर रुसलंय, हे सगळं ओळखत बसावं लागतं. मैदानात नाही. स्वतःत बुडालेला म्हणतात ना त्याला? तो मैदानात बुडालेला होता. मी बाहेर होतो.

तर तो सरावाला उतरला. बसण्यात काही अडचण आली नाही, उलट त्याची उठण्याची वेळ आमच्यात सगळ्यात चोख होती. अडचण आली ती शिट्टीची. शिट्टी वाजली की तो कान झाकून खाली बसायचा, खेळ तिथेच संपायचा. ती अडचण मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती, कारण ती त्याची होती. आम्ही सरावापुरती शिट्टी बंद केली, मी लाल रुमाल हलवायला लागलो. पोरांनी आधी कुरकुर केली, मग त्यांनाच सवय झाली.

दुसऱ्या आठवड्यात त्याला पहिल्यांदा पळतीला उतरवलं. तिघांत तिसरा. अर्धा मिनिटही टिकला नसेल. त्याने ज्या उंच मुलीचे बाण काढले होते, तिनेच त्याला खांबापाशी गाठलं. पाठीवर थाप पडली. मैदानावर सगळे गप्प झाले, आता हा काय करतो म्हणून. तो जागच्या जागी उड्या मारायला लागला, दोन्ही हात पंखांसारखे झटकत, आणि मोठ्याने ओरडला, 'बाद! मी बाद!' मग वहीकडे पळाला आणि त्यात स्वतःच्या नावापुढे बाण काढला.

तालुक्याच्या सामन्यात तो खेळू शकला नाही. तिथे पंचांची शिट्टी होती, रुमालाला परवानगी नव्हती. मी अर्ज वगैरे केला नाही, आज वाटतं करायला हवा होता. त्याने त्या दिवशी चिंचेसारखंच एक झाड शोधलं आणि त्याखाली बसून चार सामने लिहून काढले, कानांना मफलर गुंडाळून.

हॅडनच्या कादंबरीवर 2012 साली लंडनच्या नॅशनल थिएटरने सायमन स्टीफन्सच्या रूपांतरावरून नाटक केलं. त्यात बाकीचे नट मिळून ख्रिस्टोफरला उचलतात, हवेत फिरवतात, त्यांच्या खांद्यांवरून तो चालतो. एकट्याच्या निवेदनाची कादंबरी रंगमंचावर अक्षरशः सांघिक खेळ झाली. पुढे 2017 साली अमेरिकेत मिकी रो या स्वमग्न नटाने ती भूमिका केली. कादंबरी आल्यावर चौदा वर्षांनी. मराठीत अजून ख्रिस्टोफर किंवा लू यांच्यासारखा निवेदक माझ्या वाचनात आलेला नाही. तुमच्या वाचनात आला असेल तर आत्ता सांगा, मला हवाच आहे.

मी या मुलाला, म्हणजे आता त्या माणसाला, मागच्या महिन्यात हे व्याख्यान वाचून दाखवलं. दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, पळतीला तो अर्धा मिनिट नाही, एकोणीस सेकंद टिकला होता, वहीत आहे. दुसरी, ते झाड चिंचेसारखं नव्हतं, गुलमोहर होता.